मुलांच्या कुरळ्या केसांवर 'इलाज' सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

'लहान मुलांचे कुरळे केस पाच वर्षांच्या आत कायमचे सरळ करा' असा एक संदेश सध्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. कुरळेपणा शरीरात तांबे कमी पडल्याने येतो, म्हणून मुलाला तांब्याचे सिरप द्यावे. दोन वर्षांच्या आत तीन-चार वेळा गोटा केल्यास केस सरळ आणि दाट उगवतात. रोज तेल लावून बारीक दातांच्या फणीने केस ताणून विंचरावेत. रात्री केस घट्ट बांधून झोपवावे. आणि एवढ्याने भागले नाही तर तिसऱ्या वर्षापासून 'हर्बल' स्ट्रेटनिंग क्रीम निर्धास्तपणे लावावे. हा मजकूर माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचला आणि तिने दीड वर्षाच्या लेकीचा दुसऱ्यांदा गोटा करण्याचा दिवसही ठरवून टाकला, म्हणून हे लिहावे लागत आहे. एरवी असल्या संदेशांना उत्तर देण्यात वेळ घालवू नये, असेच माझे मत आहे.

तांब्याच्या दाव्यात सत्याचा एक कण आहे, तो नाइलाजाने मान्य करतो. मेंकेस नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे, त्याचे वर्णन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात शरीराला तांबे मिळत नसल्याने केस विरळ, ठिसूळ आणि पिळवटलेले होतात. पण अशा बाळाचे वजन वाढत नाही, त्याला झटके येतात, त्याचे स्नायू ढिले पडतात. केस हे त्यातले एक लक्षण असते. शिवाय या आजारात आतड्यांतून तांबे रक्तात उतरण्याची वाटच बंद झालेली असते, त्यामुळे तोंडाने दिलेले तांबे उपयोगी पडत नाही आणि ते इंजेक्शनने द्यावे लागते. म्हणजे ज्या आजाराच्या आडोशाने हे सिरप सुचवले आहे, त्या आजारातही ते कामाचे नाही. हसत्याखेळत्या, नीट वाढणाऱ्या मुलाचे कुरळे केस आईवडिलांकडून किंवा त्यांच्याही मागच्या पिढ्यांकडून आलेले असतात, आणि त्यांना औषधाची गरज नसते.

आता गोट्याकडे वळू, कारण यावर लोकांचा विश्वास सर्वांत घट्ट आहे. केसाचे मूळ त्वचेखालच्या ज्या इवल्याशा पिशवीत असते, ती पिशवी सरळ असेल तर केस सरळ वाढतो आणि ती वाकडी असेल तर तो वळत वाढतो. वस्तरा त्वचेच्या वरचा केस कापतो, आणि तो भाग निर्जीव असतो. खालच्या पिशवीला वर काय घडले याची खबरही लागत नाही. दाटपणाचेही तसेच आहे, कारण या पिशव्या जन्माआधीच तयार झालेल्या असतात आणि गोटा केल्याने त्यांत एकाचीही भर पडत नाही. १९७० मध्ये लिनफील्ड आणि मॅकविल्यम्स या संशोधकांनी पाच निरोगी तरुणांचा एकेक पाय काही महिने दर आठवड्याला वस्तऱ्याने साफ केला आणि दुसरा पाय तुलनेसाठी तसाच ठेवला. केसांचे एकूण वजन, जाडी आणि वाढीचा वेग, यांपैकी कशातही वस्तऱ्यामुळे म्हणावा असा फरक त्यांना आढळला नाही. ते प्रौढांचे पाय होते, बाळाचे डोके नव्हे, आणि कुरळेपणा त्यांनी मोजला नव्हता, हा आक्षेप रास्त आहे; परंतु वस्तरा मुळापर्यंत पोचत नाही ही गोष्ट पायालाही लागू आहे आणि डोक्यालाही.

'आमच्या मुलाचे केस गोट्यानंतर खरोखरच बदलले' असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. पहिल्या काही वर्षांत बाळाची मऊ जावळे जाऊन त्या जागी जाड केस येतात, आणि त्या बदलात सरळ केस कुरळे होतात तसे कुरळे केस थोडे सरळही होतात. गोटा याच वयात केला जात असल्यामुळे श्रेय वस्तऱ्याला मिळते, इतकेच. कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्याने नवे केस हाताला राठ आणि दाट लागतात, हेही खरे; पण तो केवळ भास असतो.

तेलाबद्दल मात्र थोडे झुकते माप द्यायला हरकत नाही. धुण्याआधी खोबरेल तेल लावल्यास केसांतील प्रथिनांची झीज कमी होते, असे २००३ च्या एका अभ्यासात दिसले होते. केस सरळ होण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. फणीचा सल्ला तर पूर्णपणे उलटा आहे. कुरळा केस प्रत्येक वळणावर दुसऱ्या केसात अडकतो आणि फणीने ओढला की तिथेच तुटतो. गुंता केस ओले असताना, भरपूर कंडिशनर लावून, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवावा. सुरुवात टोकांपासून करावी, हळूहळू वर यावे आणि गाठीच्या वरची बट मुठीत धरावी, म्हणजे ओढ डोक्याच्या त्वचेपर्यंत जात नाही. नंतर टॉवेलने खसखसून न पुसता मऊ सुती कापडाने पाणी टिपून घ्यावे.

रात्री घट्ट बांधण्याविषयी एवढेच पुरे, की सततच्या ताणाने कपाळाच्या व कानशिलांच्या कडेचे केस गळतात, हे वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. वेळीच बांधणे थांबवले तर ते पुन्हा येतात. ताण वर्षानुवर्षे चालू राहिला तर येत नाहीत.

सर्वांत घातक सल्ला शेवटचा आहे. केसाचा आकार टिकवणारे गंधकाचे बंध साध्या पाल्याच्या रसाने तुटत नाहीत. म्हणून ते क्रीम खरोखर वनस्पतींचेच असेल तर केस सरळ होणार नाहीत, आणि केस कायमचे सरळ होत असतील तर डब्यात तीव्र रसायन आहे, मग वर पानाफुलांचे चित्र असो वा नसो. अनेक रिलॅक्सरमध्ये, म्हणजे केस रसायनाने सरळ करणाऱ्या क्रीममध्ये, सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा असतो, आणि त्याने त्वचा भाजते. काही सलून उपचारांत केस तापवताना फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. 'फॉर्माल्डिहाइडमुक्त' या शब्दावरही विसंबू नये, कारण त्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या ग्लायऑक्सिलिक आम्लाच्या क्रीमनंतर एका तरुणीच्या मूत्रपिंडांना वारंवार इजा झाल्याचा अहवाल २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. प्रौढ बाई आग होताच ओरडून क्रीम धुवायला लावेल. तीन वर्षांचे मूल क्रीम लागलेला हात डोळ्यांना आणि तोंडाला लावते. आणि एवढे करूनही महिन्याला साधारण एक सेंटीमीटर या वेगाने खालून येणारा नवा केस कुरळाच असतो, त्यामुळे हा प्रकार पुन्हा पुन्हा करावा लागतो.

कोणी हे क्रीम मुलाच्या डोक्याला आधीच लावले असेल आणि आग होत असेल, तर ते वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावे, पाणी डोळ्यांत जाणार नाही अशा बेताने डोके धरावे, 'उतारा' म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नये, आणि डबा सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.