पाडलेला राजवाडा फोटोत उभा कसा?

आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला, यावेळी धाकट्या मामांकडून. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 'ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरची सिंदिया स्कूल इंग्रजांनी काढली, राजपुत्रांना काळे साहेब बनवण्यासाठी. तिच्यासाठी मानसिंगाचा राजवाडा आणि देवळं पाडून वसतिगृहं बांधली. आजही शिंद्यांच्या गोतावळ्याबाहेरच्या पोराला तिथे प्रवेश नाही, आणि मराठीचं तर नावही उरलेलं नाही. पुढे पाठवा.' खाली फोटो, त्यावर लाल अक्षरांत 'शाळेची मुख्य इमारत'.

मी आधी फोटोच बघितला. निळ्या झिलईच्या फरशा, भिंतीवर बदकांची रांग, गोल बुरूज. ती शाळा नाही, तो मानसिंग तोमराचा राजवाडा, मान मंदिर. म्हणजे मेसेज म्हणतो पाडला, आणि पुरावा म्हणून त्याच राजवाड्याचा फोटो लावतो! मामांना एवढंच लिहून सोडून देणार होतो, पण बाकीचंही खोडायला हवं, कारण त्यात थोडं खरंही मिसळलंय.

'इंग्रजांनी काढली.' नाही. 1897 साली ती काढली माधवराव शिंद्यांनी, म्हणजे ग्वाल्हेरच्या माधोमहाराजांनी. तेव्हा ते विशीत होते आणि राज्याचा पूर्ण अधिकार हाती येऊन तीनच वर्षं झाली होती. नाव होतं सरदार स्कूल, आणि संस्थानातल्या सरदार-जहागीरदारांच्या मुलांनी चार अक्षरं शिकावीत हा हेतू नावातच आहे. गल्लत कुठून होते ते कळतं. राजकोटचं राजकुमार कॉलेज (1870), अजमेरचं मेयो कॉलेज (1875) ही खरोखरच इंग्रज अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने राजपुत्रांसाठी निघालेली. लोक सगळ्यांना एकाच माळेत ओवतात.

पण म्हणून माधोमहाराजांना स्वदेशीचे पुढारी ठरवायला मी निघालेलो नाही. ज्या राजाने पोराचं नाव जॉर्ज जिवाजीराव आणि पोरीचं मेरी कमलाराजे ठेवलं, तेही बादशहा-राणीच्या नावांवरून, त्याच्या शाळेवर साहेबाची सावली नव्हती असं कोण म्हणेल? 1933 मध्ये शाळा सरदारांपलीकडच्या मुलांना खुली झाली, सध्याचं नाव मिळालं, तेव्हाचे मुख्याध्यापक एफ. जी. पिअर्स हेही इंग्रजच. मात्र ते थिऑसॉफिस्ट होते, म्हणजे भारतीय अध्यात्माला मानणाऱ्या पंथातले, पुढे तत्त्वज्ञ जे. कृष्णमूर्तींच्या ऋषी व्हॅली शाळेतही त्यांनी काम केलं. 'काळे साहेब' घडवायला नेमलेला माणूस तिकडे कशाला जाईल? असो. शाळा शिंद्यांनी काढली. तिचं श्रेय त्यांचं आणि साहेबी थाटाचा दोषही त्यांचाच. इंग्रजांवर ढकलून सुटका नाही.

आता पाडापाडीचा मुद्दा, आणि इथे मेसेज लिहिणाऱ्याने खरी मजेदार गोष्ट हुकवली. जून 1858 मध्ये, झाशीची राणी पडली त्याच लढाईत, किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. शिंदे राज्यावर परत बसले, पण डोक्यावरच्या किल्ल्यावर गोरी पलटण. तेव्हाचे महाराज जयाजीराव, माधोमहाराजांचे वडील, तो मागत राहिले. मिळाला 1886 मध्ये, अठ्ठावीस वर्षांनी, तोही झाशीच्या बदल्यात! राणीची झाशी मधल्या काळात शिंद्यांकडे आली होती, ती इंग्रजांना परत देऊन स्वतःचा किल्ला घेतला. आणि जयाजीराव त्याच वर्षी वारले.

पलटण गेली, बराकी राहिल्या. लांबच लांब, उंच छताच्या, जाड भिंतींच्या. 1908 मध्ये शाळा किल्ल्यावर आली ती याच रिकाम्या बराकींत. वसतिगृहांसाठी शाळेने राजवाडा पाडला म्हणायचं तर आधी त्या बराकी कुणी बांधल्या ते विचारा. गोऱ्या फौजेने किल्ल्यावर काय काय मोडलं हा वेगळा, गंभीर विषय आहे. पण तो शाळा वर येण्याच्या आधीचा. देवळांचं म्हणाल तर तेली का मंदिर उभं आहे, 1093 चं सहस्रबाहू मंदिर (लोक त्याला सास-बहू करून टाकतात) उभं आहे, आणि किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिरातला तो नवव्या शतकातला शिलालेख, ज्यात 270 या आकड्यातला शून्य कोरलाय, तोही जागेवर आहे. किल्ला दक्षिणोत्तर अडीचेक किलोमीटर लांब, शाळेचा आवार सुमारे 110 एकर. एवढ्या पठारावर राजवाडा पाडून जागा करायची गरजच काय?

'गोतावळ्याबाहेर प्रवेश नाही.' अमीन सयानी या शाळेचे. सलमान खान काही वर्षं इथे होता, अनुराग कश्यप इथलाच. यांतला शिंद्यांचा पाहुणा कोणता? उलट ज्योतिरादित्य स्वतः शिकले डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये. मामांनी म्हणायला हवं होतं ते वेगळं: फी लाखांत आहे. पूर्वी जन्म आडवा यायचा, आता पैसा येतो. आणि मुलींना किल्ल्यावर जागा नाहीच, त्यांच्यासाठी विजयाराजेंनी 1956 मध्ये वेगळं कन्या विद्यालय काढलं. यावर मेसेज निघाला असता तर मीही पुढे पाठवला असता.

राहिलं मराठीचं 'नाव'. शिक्षण इंग्रजीत चालतं, ते मान्य. पण नावच म्हणता, तर वसतिगृहांची नावं वाचा: राणोजी, जयाप्पा, महादजी, दौलत, जयाजी, माधव, शिवाजी. लहान मुलांच्या वसतिगृहांपैकी एक दत्ताजी. बुराडी घाटावरचे आपले दत्ताजी, 'बचेंगे तो और भी लड़ेंगे'वाले.

आणि त्या लहानग्यांच्याच आणखी एका वसतिगृहाचं नाव आहे कण्हेरखेड. मामांचं सासर कोरेगाव तालुक्यातलं, त्यामुळे कण्हेरखेड कुठे हे त्यांना सांगायला नको. शिंदे घराण्याचे मूळपुरुष राणोजींचं गाव. ज्या गावच्या पाटिलकीवरून महादजी शेवटपर्यंत स्वतःला पाटील म्हणवून घेत राहिले, ते नाव आज ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर कुठल्या कुठल्या प्रांतांतली पोरं आपला पत्ता म्हणून सांगतात.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मामांचं उत्तर आलं, 'बरं, पण फोटो छान आहे.'