विहिरीत पाणी नसेल तर?

काल १५ ऑक्टोबर, आविलाच्या संत तेरेसाचा, म्हणजे सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या मठवासिनीचा सण. संध्याकाळची मिस्सा आटोपून आम्ही वसईतल्या नेहमीच्या कट्ट्यावर टेकलो, तेवढ्यात भाऊनं विचारलं, "बाई गेली ४ ऑक्टोबरच्या रात्री. मग सण पंधराला कसा?"

सरांना अशी संधी हवीच असते. १५८२ साली नेमक्या त्याच रात्री स्पेननं जुनी कालगणना सोडून ग्रेगोरियन धरली. रात्री ४ तारीख, सकाळी एकदम १५.

"मधल्या दहा दिवसांचा पगार?" भाऊ.

डॉक्टर मात्र तापलेला होता. तेरेसाला दृष्टान्तात दिसलेला देवदूत काय, त्यानं तिच्या काळजात घुसवलेला सोन्याचा भाला काय! "सरळ फिट्स होत्या हो. चोविशीत चार दिवस बेशुद्ध पडली, मेली समजून डोळ्यांवर मेण घातलं, मठात कबर खणली. पुढं तीन वर्षं धड चालता येईना. मेंदूवर परिणाम झाला नसेल?"

"झाला असेल की," सर म्हणाले. "पण मग वीस वर्षांत सतरा मठ कुणी उभारले? फिट्सनी?" पहिला १५६२ मध्ये, आविलातच. पुढं खेचरांच्या गाडीतून स्पेनभर, दुखणी अंगावर काढत, जागामालकांशी नि कर्जाशी झुंजत. पोपच्या राजदूतानं तिला भटकी, हट्टी, न ऐकणारी बाई म्हटलं होतं. आणि अंग अधांतरी उचललं जायचं त्याची तिलाच लाज. आपल्या मठवासिनींना सांगायची, मला धरून ठेवा, आणि बाहेर बोलू नका.

"शिवाय तू जन्मायच्या आधीच, १९७० साली, चर्चनं तिला डॉक्टर केलंय, म्हणजे अख्ख्या चर्चची गुरू. बायकांत पहिली."

डॉक्टर हसला, पण हटला नाही. "म्हणजे मॅनेजर चांगली होती. दृष्टान्ताचं काय?"

मला दृष्टान्तांपेक्षा तिचं पाणी आवडतं, तेच मी काढलं. प्रार्थना म्हणजे बागेला पाणी घालणं, आणि ते चार तऱ्हांनी. एक, विहिरीतून हातानं शेंदून. दोन, रहाटानं. तीन, नदीचं किंवा ओढ्याचं पाणी बागेत वळवून. चौथा पाऊस, त्यात आपला हात नाही.

रहाट म्हटल्यावर भाऊ सरसावला. आजोबांच्या वाडीत होता त्यांच्या. गाडग्यांची माळ वर यायची, पाणी डोणीत सांडायचं, तिथून पाटानं केळींना. "हात दुखत नाहीत, पण बैलामागं फिरावंच लागतं. बैल थांबला की पाणी थांबलं."

"तेच म्हणते ती. कष्ट कमी, पण सुटका नाही."

"आणि विहीर आटली तर?" हे डॉक्टरनं विचारलं. बऱ्याच वेळानं पहिल्यांदा खरोखर विचारलं.

सर म्हणाले, तरी जायचं. माळ्यानं माळ्याचं काम करायचं, फुलं जगवणारा जगवेल. तिचीही कित्येक वर्षं कोरडी गेली. तिनंच लिहून ठेवलंय, प्रार्थनेला बसले की तास कधी संपतो म्हणून घड्याळाच्या ठोक्याकडे कान लागलेले असायचे.

"मग मी बरा," भाऊ म्हणाला. "आज प्रवचनात तीनदाच घड्याळ बघितलं."

"पाचदा," सर म्हणाले. "मी मागेच होतो."