खोली प्रशस्त आहे, बॅग बाहेर ठेवा

कंपनीने दोन दिवसांच्या ट्रेनिंगला मुंबईला बोलावलंय ना? अभिनंदन. पहिली गोष्ट म्हणजे नातेवाइकांकडे उतरायचा विचार मनातून काढून टाका. डोंबिवलीच्या मावशीकडे उतरलात तर पहाटे पाचला उठा, लोकलमध्ये एका पायावर उभे राहा, घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यात उरलेला पाय तुडवून घ्या, आणि रात्री परत गेल्यावर 'लग्नाचं काय ठरवलंयस' या विषयावर जेवा. त्यापेक्षा अंधेरी पूर्वेला, चकाल्यापासून मरोळपर्यंत कुठेही एखादं बजेट हॉटेल घ्या. ॲपवर 'प्रशस्त' हा शब्द दिसला की डोळे मिटून पैसे भरायचे. डोळे मिटायची ही सवय पुढे कामाला येते, कारण खोलीतली बाथरूमची भिंत काचेची असते.

फोटो बघून उगाच शंका काढू नका. खोली फोटोत खरंच मोठी असते. फोटो काढणारा बाथरूममध्ये कमोडवर उभा राहून, पाठ टाइल्सला टेकवून, समोरची भिंत आहे त्याहून लांब दिसेल अशी लेन्स लावून फोटो काढतो. तुम्हालाही तेवढीच खोली हवी असेल तर त्याच जागी उभे राहा. घर विकणाऱ्या बिल्डरला २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरिया सांगायला लावला. हॉटेलवाल्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही. तो बिचारा स्वतःहून '१८० चौरस फूट' लिहितो. त्यात बाथरूम, कपाट आणि दार उघडायला लागणारी हवा धरलेली असते.

'डिलक्स' घेऊ की 'सुपर डिलक्स', असा घोळ घालू नका. डिलक्स म्हणजे त्या इमारतीतली सगळ्यात लहान खोली. साधी खोली अशी मुंबईत नसतेच. सुपर डिलक्समध्ये एक खुर्ची जास्त असते, आणि ती खुर्ची ठेवल्यामुळे बॅग ठेवायला जागा उरत नाही.

तुमची ट्रॅव्हल्स पहाटे पाचला हायवेला उड्डाणपुलाखाली उतरवणार आणि चेक-इन दुपारी बाराला. घाबरू नका. रिसेप्शनवरच्या सोफ्यावर सात तास बसायची सोय मोफत आहे. शेजारी पुण्याचे, इंदूरचे, सुरतेचे असे आणखी चार-पाच जण मांडीवर लॅपटॉपची बॅग धरून बसलेले असतात. सगळ्यांच्या खोल्या प्रशस्त आहेत. दुसऱ्या दिवशी चेक-आउट मात्र अकराला. म्हणजे हॉटेलचा दिवस तेवीस तासांचा. उरलेला एक तास खोली साफ करायला लागतो म्हणतात. खोली पाहिल्यावर तो तास कुठे जातो असा प्रश्न पडेल. विचारू नका.

आता खोलीत शिरायची पद्धत. आधी स्वतः आत जा, पलंगावर चढा, मग बॅग आत ओढा, मग दार लावा. हा क्रम चुकला तर दार बॅगेला अडतं आणि तुम्ही रात्रभर अर्धे कॉरिडॉरमध्ये. बॅग उघडायची असेल तर पलंगावर उघडा. झोपायचं असेल तर बॅग बंद करा. दोन्ही एकदम जमवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. किल्लीचं कार्ड भिंतीतल्या खाचेतून काढलं की वीज जाते, म्हणून अनुभवी लोक तिथे दुसरंच काहीतरी कार्ड खोचून एसी चालू ठेवतात. मी लायब्ररीचं कार्ड ठेवलं होतं. गेल्या सहा वर्षांत त्याचा हा पहिला उपयोग.

पडदा आहे म्हणजे खिडकी आहे असं समजू नका. काही ठिकाणी पडद्यामागे भिंत असते, तेही बरं. खरी खिडकी निघाली आणि खोली तिसऱ्या मजल्यावर असली, तर समोरून मेट्रो जाते. वर्सोवा ते घाटकोपर, ११.४ किलोमीटर, जून २०१४ पासून, आणि अंधेरी-कुर्ला रोडवर नेमकी तुमच्या टॉवेलच्या उंचीवरून. मेट्रो थांबली की विमानं ऐका. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि त्या एकीवरून दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. जाहिरातीतलं 'विमानतळापासून दहा मिनिटं' हे याच बाजूने मोजलेलं आहे. रस्त्याने निघालात तर रिक्षावाल्याशी गप्पा मारायला विषय जमवून ठेवा.

बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर घालून घ्यायला विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला बारा टक्क्यांऐवजी पाचच टक्के कर आहे. वाचलेल्या सात टक्क्यांत खोलीची लांबी वाढत नाही, हे मी स्वतः आडवा होऊन तपासलंय.

आणि एवढं करूनही खोली लहान वाटली तर शेवटचा उपाय: एखाद्या अस्सल मुंबईकर नातेवाइकाला ती दाखवायला बोलवा.

मी आत्तेभावाला बोलावलं. दादा वरळीच्या बीडीडी चाळीत वाढला. चाळ पाडायला घेतली तेव्हापासून नालासोपाऱ्याला भाड्याने राहतो, नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांची वाट बघत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, त्यात त्याचा नंबर नव्हता. मी त्याला खोलीच्या अडचणी सांगायला सुरुवात केली, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो पावलं टाकत होता.

"केवढी आहे रे?"

"एकशेऐंशी."

"आमची एकशेसाठ होती." मग तो खोली मांडायला लागला. टीव्हीच्या जागी ओटा. कपाटाच्या जागी देवघर आणि शिलाई मशीन. पलंगावर आबा, पलंगाखाली आम्ही तिघं, दारापाशी काका, पोटमाळ्यावर आत्या आणि ताई. गावाहून कुणी आलं की काका व्हरांड्यात. "तूच यायचास मे महिन्यात. महिना-महिना. आठवतं का, कुठे झोपायचास?"

आठवत होतं. ओट्याखाली.

"आणि इथे संडास आत!" दादाने काचेवर बोटाने टकटक करून पाहिलं. "एकट्याला देतात ही?"

त्याने गिझर लावला, अर्धा तास आंघोळ केली, एसी अठरावर नेला आणि पलंगावर आडवा झाला तो सकाळपर्यंत. मी बॅगेशेजारी जमिनीवर अंथरूण घातलं. बऱ्यापैकी जागा होती.

सकाळी रिसेप्शनवर 'एक्स्ट्रा पर्सन'चे आठशे रुपये लागले. ऑफिस ते देणार नाही. नाश्त्याच्या टेबलावर दादा तिसरा मेदूवडा सांबारात बुडवत होता. मला बघून त्याने हात केला.

"चेक-आउट अकराला ना? तुझ्या वहिनीला आणि पोरांना निघायला सांगितलंय. पावणेदहापर्यंत येतील. जरा एसीत बसतील."