टेकनला म्हणे स्टोरीच नाही

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला आणि तिन्हीकडे खाली अंगठ्यांची रांग. मजकूर साधारण असा: फायटिंग गेमवरून, म्हणजे दोघांनी समोरासमोर मारामारी करायच्या व्हिडिओ गेमवरून, चांगला अ‍ॅनिमे होऊच शकत नाही कारण मुळात त्या गेमला स्टोरीच नसते, पुरावा हवा तर टेकन या गेमवरचा नेटफ्लिक्सचा 'टेकन: ब्लडलाइन' बघा, नुसती मारामारी, प्लास्टिकच्या बाहुल्यांसारखं सीजी (कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र), आपले अर्धे कॅरेक्टर गायब आणि सगळं सहा एपिसोडमध्ये गुंडाळलेलं, शेवटचं बघण्यासारखं काम झालं ते स्ट्रीट फायटर या दुसऱ्या फायटिंग गेमवरच्या १९९४ च्या कार्टून पिक्चरमध्ये, त्यानंतर बोंबच.

ब्लडलाइन ग्रेट आहे असं मी म्हणणार नाहीये, त्यात ढिगाने गोष्टी फसल्यात. पण जे फसलंय ते या माणसाने सांगितलेलंच नाही, आणि जे जमलंय त्यालाच शिव्या घातल्यात. म्हणून एवढं टाइप करतेय.

तर पहिला मुद्दा, स्टोरी नसते.

माझा टेकनशी संबंध आला तो खेळून नाही, बघून. आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत एक गेम पार्लर होतं, चार टीव्ही, चार प्लेस्टेशन, दाराला गोणपाटाचा पडदा, आत उदबत्ती आणि घामाचा मिक्स वास. दादा तिथे पडलेला असायचा आणि त्याला जेवायला बोलवायला मला पाठवायचे. तो म्हणायचा हा राउंड संपू दे, मग मी पडद्याला टेकून उभी. त्यामुळे मी खेळले कमी आणि एंडिंग बघितले जास्त, टेकन ३ मध्ये ज्या कॅरेक्टरने गेम संपवाल त्याचा छोटा व्हिडिओ लागतो ना, ते. जिन नावाच्या पोराचा एंडिंग पहिल्यांदा लागला तेव्हा अख्खं पार्लर गप्प झालेलं मला आठवतं. ओगर नावाच्या राक्षसाला हरवून पोरगा थकून येतो, समोर आजोबा उभा, आणि आजोबाचे सैनिक त्याच्यावर गोळ्या झाडतात, शेवटची गोळी आजोबा स्वतः घालतो. मग ते पोरगं पंख फुटून उठतं आणि म्हाताऱ्याला भिंतीतून आरपार नेतं. इंग्लिश कुणालाच धड येत नव्हतं, तरी घरी जाताना मी दादाला विचारलं, सख्खा आजोबा ना तो, मग गोळी का घातली? दादाला सांगता येईना. पण प्रश्न पडला ना. स्टोरी नसती तर पडला असता का?

आणि ती स्टोरी आपल्याला कळायला अजिबात अवघड नाही हो, सरळसरळ भाऊबंदकी आहे. हेइहाचीने, म्हणजे त्याच आजोबाने, स्वतःच्या पाच वर्षांच्या पोराला, काझुयाला, कड्यावरून फेकलं. काझुया मोठा होऊन मारामारीची पहिली टूर्नामेंट जिंकला आणि त्याने बापाला त्याच कड्यावरून फेकलं. दोन वर्षांनी बाप परत आला, दुसरी टूर्नामेंट जिंकला आणि पोराला ज्वालामुखीत टाकलं. मध्ये काझुयापासून जून काझामाला दिवस गेले, तिचा मुलगा जिन, आणि तिसऱ्या टूर्नामेंटला तो आजोबाच्या घरात. सातबाऱ्यावरून डोकी फोडणारी घरं आपण पाहिलेली आहेत, इथे सातबाऱ्याच्या जागी मिशिमा झायबात्सु नावाची कंपनी आहे एवढंच. पहिला टेकन आला १९९४ ला, आठवा आला जानेवारी २०२४ मध्ये, आणि इतकी वर्षं गाडी त्याच एका घराभोवती फिरतेय. बांदाई नामको तर व्हिडिओ गेममधली सगळ्यात जास्त काळ चाललेली स्टोरी म्हणून मिरवते. फॉरवर्डवाल्याने बहुतेक स्टार्ट दाबदाबून सगळे व्हिडिओ स्किप केले असावेत.

आता दुसरा मुद्दा, नुसती मारामारी. इथे मी जरा जास्त वेळ घेणार, कारण सगळा घोळ इथेच आहे.

फायटिंग गेम स्टोरी डायलॉगमधून कमी सांगतो, मूव्हमधून जास्त सांगतो. टेकन ३ मधला जिन ज्याने खेळलाय त्याला माहितीय, त्याच्या हातात बापाच्या मूव्ह आहेत आणि आईच्या पण आहेत, एकाच कॅरेक्टरमध्ये बापाचं मिशिमा आणि आईचं काझामा अशी दोन्ही घराण्यांची स्टाइल. बापाकडची सगळ्यात भारी मूव्ह म्हणजे इलेक्ट्रिक विंड गॉड फिस्ट. पुढे दाबा, सोडा, खाली, मग खाली-पुढे, आणि त्या खाली-पुढेच्या नेमक्या त्याच फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या त्याच एका चित्राला, ट्रँगलचं बटण. गेम सेकंदाला साठ फ्रेमने पळतो म्हणजे एका सेकंदाचा साठावा भाग तुमच्या हातात आहे, एक फ्रेम उशीर झाला तर नुसता साधा ठोसा निघतो, वीज नाही. दादाने त्याच्यासाठी अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवली आणि अंगठ्याला घट्टा पडला. हे घराणं किती निर्दयी आहे ते तो घट्टाच सांगतो, वेगळा डायलॉग लागत नाही. आणि टेकन ४ मध्ये जिनने मिशिमा स्टाइल टाकूनच दिली, साधी पारंपरिक कराटे धरली. आजोबाने गोळी घातल्यावर पोराने त्या घराचं सगळं अंगावरून उतरवून ठेवलं, आणि हे आपल्याला कळतं कुठून, तर जुनी बटणं दाबली आणि जुना ठोसा निघालाच नाही यावरून! (तेव्हा आम्हाला वाटलं होतं सीडी खराब आहे.)

ब्लडलाइनला ही गोष्ट कळलीय, हे त्याचं सगळ्यात मोठं बळ. सुरुवात याकुशिमा बेटावर, आई आणि मुलगा दोघंच, जून त्याला स्वतःपुरतं वाचायला शिकवते, समोरच्याला जेवढं थांबवायला लागेल तेवढंच मार, त्यापुढे नाही. मग ओगर येतो, घर जळतं, आई जाते, आणि पोरगं तिच्या सांगण्यावरून आजोबाच्या दारात उभं. आजोबाची पहिली अट काय, तर आईने शिकवलेलं विसर. बस, इथून पुढे प्रत्येक फाइटमध्ये बघायचं एवढंच की आत्ता हात कुणाचा चालतोय, आईचा का आजोबाचा. सरळ घुसून तोडणारा ठोसा पडला की हेइहाची खूश, समोरच्याचा जोर वळवून त्याला खाली बसवलं की आपल्याला जून आठवते. ही नुसती मारामारी असेल तर मग तमाशातली सवाल-जबाब पण नुसती गाणीच म्हणायची!

हिट बसला की ठिणग्या उडतात, गेममध्ये उडतात तशाच, यावरून पण लोक हसलेत. मला उलट आवडलं. चेष्टा वाटेल इतकं ते जास्त पण नाहीये, आणि ठोसा अंगाला चाटून गेला का हाडापर्यंत बसला हे त्या ठिणगीवरून कळतं.

सीजीचं थोडक्यात उरकते. टेकन पहिल्या दिवसापासून थ्रीडीच आहे, कॉम्प्युटरच्या आकारांनी बनलेलाच गेम, त्यामुळे तो सीजीत केला म्हणून बाटला असं काही होत नाही. आणि हाताने काढलं की चांगलंच होतं म्हणणाऱ्यांनी १९९८ चा 'टेकन: द मोशन पिक्चर' बघावा, स्टुडिओ डीनचा, हाताने काढलेला, तासाभराचा, आणि त्यात डायनासोर आहेत. होय, डायनासोर. उलट २०११ चा 'ब्लड व्हेंजन्स' पूर्ण सीजी, तिथे शेवटी आजोबा-बाप-नातू असे तिघं एकमेकांवर तुटून पडतात ते आजही बघायला मजा येते, त्याच्या आधीचा तासभर मात्र शाळकरी मुली आणि पांडा. म्हणजे पेन्सिल का कॉम्प्युटर यावर काही ठरत नाही. ब्लडलाइनच्या सीजीत खोट आहे ती मारामारी थांबल्यावर दिसते, दोन माणसं नुसती उभी राहून बोलायला लागली की चेहरे ताठरतात, आई गेल्यानंतरच्या शांत सीनमध्ये पोराच्या चेहऱ्यावर जे हवं होतं ते येत नाही. ही तक्रार माझी पण आहे. पण "प्लास्टिकच्या बाहुल्या" म्हणून फाइट्सना झोडायचं म्हणजे नेमकी चांगली बाजू सोडून दिली.

आता कॅरेक्टर गायब, आणि इथे मी फॉरवर्डवाल्याच्या अर्धी बाजूने आहे. ब्लडलाइनची गोष्ट टेकन ३ च्या टूर्नामेंटची, आणि एडी गोर्डोची एकपण फाइट नाही? महाराष्ट्रातल्या कुठल्याही पार्लरमध्ये जाऊन विचारा, टेकन म्हटलं की आधी एडी आठवतो, क्रॉस आणि गोल ही दोन बटणं कशीही बडवली तरी जिंकायचा म्हणून नवशिक्या पोरांचा देव आणि सीनियर पोरांचा शत्रू, आमच्याकडे तर एडी घेतला तर पैसे डबल असा नियम होता. तो नाही, आणि त्याच्या जागी कोण, तर २०१९ मध्ये टेकन ७ ला डीएलसी, म्हणजे नंतर विकत घ्यायचं जास्तीचं कॅरेक्टर, म्हणून आलेला लेरॉय स्मिथ आणि टेकन ५ मधला फेंग वेई. हे दोघं तिसऱ्या टूर्नामेंटला काय करतायत कुणास ठाऊक, तेव्हाच्या चालू गेमची दुकानदारी बघून बसवले असणार असा माझा अंदाज.

पण तरी मुद्दा "गायब" हा नाहीये. उलट जितके आहेत तेच जास्त झालेत. सहा एपिसोडमध्ये पॉल, किंग, नीना, ज्युलिया, ह्वोरांग, झियाओयू, लेरॉय, फेंग, सगळ्यांना हजेरी लावायला बोलवलंय, लग्नाच्या आहेराच्या रांगेसारखं, या, फोटो काढा, जेवून जा. ज्युलियाचं उदाहरण घ्या, गेममध्ये ती येते कारण मिशिमा झायबात्सुने तिच्या आईला पळवलंय. आई गेलेला जिन आणि आई शोधणारी ज्युलिया, यावर एक पूर्ण एपिसोड उभा राहिला असता! झियाओयूचं पण तेच, तिचं मुख्य काम म्हणजे जिनला तू आधी असा नव्हतास याची आठवण करून देणं. बिचारीला गेममध्ये स्वतःचं अम्युझमेंट पार्क हवं असतं, केवढी वेडी आणि गोड महत्त्वाकांक्षा, तिचा इथे काही उपयोग नाही. एडी घातला असता तर तोसुद्धा असाच रांगेत उभा राहिला असता, आणि मग आपण तक्रार केली असती की एडीला वाया घालवला.

ओगरचं काय करायचं तेही यांना कळलेलं नाही. गेममध्ये तो शेवटचा बॉस, तिथे गुरगुरला तरी चालतं कारण त्याला मारायचे कष्ट आपले असतात. अ‍ॅनिमेत आपल्या हातात कंट्रोलर नाही, मग तो नुसता हिरवा राक्षस उरतो, आणि जिनचा खरा शत्रू शेजारी हाताची घडी घालून उभा असताना आपण राक्षसाकडे का बघायचं हा प्रश्न पडतो.

बरं, सहा एपिसोडमुळे वाट लागली हे तरी खरं का? अर्धवट. चार वर्षांची ट्रेनिंग भरभर उडवलीय, आजोबा आणि नातू यांच्यात जी थोडी माया बसायला हवी होती ती बसतच नाही, त्यामुळे शेवटी गोळी सुटते तेव्हा धक्का बसतो पण पोटात कालवत नाही. तिथे अजून दोन एपिसोड हवेच होते. पण एपिसोड वाढवले की काम होतं असं समजू नका. १९९५ ची 'स्ट्रीट फायटर टू व्ही' ही सिरीज २९ एपिसोडची, त्यात रयू आणि केन हे दोन हीरो देशोदेशी फिरतात, आपल्याकडे भारतात पण येतात, धालसिम नावाच्या योग्याकडे शक्ती शिकायला, आणि एका धड हाडोकेनसाठी (हातातून फेकायचा शक्तीचा गोळा) आपल्याला इतके एपिसोड ताटकळत ठेवतात की पार्लरवाल्याने तेवढ्यात चार जणांचा टाइम संपवला असता.

आणि आता तो १९९४ चा पिक्चर. दिग्दर्शक गिसाबुरो सुगीईचा, ग्रुप टॅक स्टुडिओचा, मी पण फॅन आहे. सुरुवातीला रात्रीच्या वादळात मोकळ्या रानात रयू आणि सागातची फाइट, चुन-लीच्या घरात वेगा नावाच्या मारेकऱ्याशी तिची झटापट, ती फाइट बघताना अजून माझे खांदे वर जातात, घरातलं सामान फुटतं, तिला लागतं, खरंच लागतं. यात वाद नाही. पण गंमत अशी की ब्लडलाइनवर जे जे आरोप केलेत ते सगळे यालाही लागतात. हजेरीची रांग? झांगीफ आणि ब्लांका, केन आणि टी हॉक, होंडा आणि धालसिम, सगळे जोडीजोडीने येऊन मारून जातात. स्टोरी? खलनायक जगभरचे फायटर गोळा करतोय, संपलं. हीरो? रयू अख्ख्या पिक्चरमध्ये जेवढं बोलतो त्यापेक्षा जास्त आमचा पार्लरवाला "टाइम संपला" एवढ्यात बोलायचा. सुगीईंनी फाइटमध्ये वजन आणलं आणि बाकीचं आपण माफ केलं. मग तीच माफी ब्लडलाइनला का नाही? मला वाटतं त्याचं कारण पिक्चरमध्ये नाहीच, तो बघितला तेव्हा आपण दहा-बारा वर्षांचे होतो आणि घरभाडं दुसरं कुणीतरी भरत होतं.

दादाला फॉरवर्ड पाठवला होता, त्याने वाचलाच नाही. पण त्या निमित्ताने मागच्या रविवारी त्याच्याकडे बसून आम्ही ब्लडलाइनचा शेवटचा एपिसोड परत लावला. त्याची पोरगी आठ वर्षांची, ती अर्ध्यातून येऊन बसली, आधीचं काहीच माहीत नाही. हेइहाचीने बंदूक काढली तशी ती म्हणाली, "बाबा, पण ते तर त्याचे आजोबा आहेत ना?" दादाने माझ्याकडे बघितलं आणि उठून चहा टाकायला गेला.