तिसाव्या दिवसाचा फोन

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवस रणधुमाळी चालली होती. दादाचं म्हणणं, नव्या हॉस्पिटलात करू; लिफ्ट आहे, एसी खोली आहे, कॅशलेस होतं. काका म्हणाले, जुन्या सर्जनचा हात हलका आहे, उगाच काचेच्या इमारतीला भुलू नका. आत्याने दोन्हीकडच्या पॅकेजचे आकडे टाकले आणि गाडी 'सगळे डॉक्टर लुटारू' या ठरलेल्या स्टेशनावर येऊन थांबली. मी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमहून एकच प्रश्न विचारला : "ऑपरेशनच्या जागचे केस ब्लेडने काढतात की क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने?" सगळ्यांनी वाचलं, खुणा निळ्या झाल्या. वहिनीने एक हसरा चेहरा टाकला. उत्तर कोणीच दिलं नाही.

मी नर्स आहे. इकडे येण्याआधी पाच वर्षं सांगलीकडच्या एका हॉस्पिटलात होते. तिथे ऑपरेशनआधी केस काढण्याला 'पार्ट प्रिपरेशन' म्हणत. आदल्या संध्याकाळी वॉर्डबॉय साबणाचा फेस आणि ब्लेड घेऊन यायचा, पोटाचं ऑपरेशन असलं तर छातीपासून मांड्यांपर्यंत सगळं साफ. मग सिस्टरने हात फिरवून बघायचं, कुठे खुंट राहिलाय का. कातडी गुळगुळीत लागली की आम्हाला काम चोख झाल्याचं समाधान. प्रत्यक्षात ब्लेडने त्वचेवर डोळ्याला न दिसणारे शेकडो ओरखडे उठतात आणि रात्रभरात जंतू त्यांत मुक्काम ठोकतात. हे काही कालपरवाचं ज्ञान नाही. कॅनडातल्या कॅलगरीच्या क्रूझ आणि फोर्ड यांनी दहा वर्षांतल्या जवळपास ६३ हजार जखमांचा हिशेब १९८० मध्ये छापला. ब्लेड फिरवलेल्यांत संसर्ग अडीच टक्क्यांच्या घरात होता, केस काढलेच नव्हते त्यांच्यात एक टक्क्याहून कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात : केस शक्यतो काढूच नका, अगदी अडत असतील तर क्लिपरने कापा, ब्लेड नको.

बाबांचं ब्लेडनेच झालं, तेही आदल्या रात्री. ऑपरेशन छान झालं, तिसऱ्या दिवशी घरी आले, सोबत सात दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. नवव्या दिवशी टाक्यांच्या एका टोकाला लाली आली, दहाव्या दिवशी पू. दादा त्यांना कोपऱ्यावरच्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे घेऊन गेला. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला, शिवाय परत गेलं की परत बिल. डॉक्टरांनी दोन टाके उघडले, पुढे तीन आठवडे एक दिवसाआड ड्रेसिंग. हर्नियाच्या जागी आधाराला आत बसवलेल्या जाळीपर्यंत ते इन्फेक्शन पोचलं नाही हे नशीब, नाहीतर जाळीच काढावी लागली असती.

ब्लेडमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. बाबांना मधुमेह आहे, ऑपरेशनच्या दिवशी साखर किती होती हे कुणालाच आठवत नाही, आणि त्यांच्या खाटेवर टेकून गेलेल्या पाहुण्यांची तर मोजदादच नाही. पण घरात खटला चालला तो आईवर. तिने तिसऱ्याच दिवशी वरणभात दिला होता. भाताने पू धरतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुसरा आरोप, अंगाला पाणी लावलं. इथे आम्ही पेशंटला ऑपरेशनआधी साबणाने स्वच्छ आंघोळ करून यायला सांगतो आणि नंतर ४८ तासांनी शॉवरखाली उभं राहायला मोकळीक देतो. आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "गोऱ्यांची कातडी वेगळी असेल गं."

मला खरा त्रास भाताचा नाही. हॉस्पिटलच्या कागदांवर बाबांची केस आजही 'ऑपरेशन यशस्वी, प्रकृती समाधानकारक, डिस्चार्ज' एवढीच आहे. पू आला हे सर्जनला ठाऊक नाही. ज्या वॉर्डबॉयने ब्लेड फिरवलं त्यालाही नाही. उद्या कुणी त्या सर्जनना विचारलं, तुमच्याकडे जखमा किती चिघळतात, तर ते अगदी प्रामाणिकपणे सांगतील, "जवळजवळ नाहीतच." चिघळलेली प्रत्येक जखम कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाते आणि तिथेच जिरते.

इथे माझ्या कामाचा एक भाग म्हणजे फोन करणं. गुडघा किंवा खुबा बदललेल्या पेशंटना तिसाव्या दिवशी मी फोन लावते. समोर फॉर्म असतो. जखमेतून काही येतंय का? लाली, सूज, ठणका? टाके आपोआप उसवले का? कुणा डॉक्टरने अँटिबायोटिक दिलं का? आजीबाई आधी हवामान सांगतात, मग मांजर, मग कुठे जखमेवर येतात. ऐकून घ्यावं लागतं, कारण 'जरासं ओलसर होतं हो' हे त्या मांजरानंतरच सांगतात. इंग्लंडमध्ये एप्रिल २००४ पासून हाडांच्या ऑपरेशनांमधले असे संसर्ग मोजणं सरकारी हॉस्पिटलांना सक्तीचं आहे. फक्त हाडांच्या, हेही सांगायला हवं. हर्निया मोजायची सक्ती इथेही नाही.

आणि हे शहाणपण यांना उपजत आलं असंही कुणी समजू नये. चटके बसले तेव्हा आलं. केंट परगण्यातल्या मेडस्टोन आणि टनब्रिज वेल्सच्या हॉस्पिटलांत २००४ ते २००६ या काळात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूने जुलाबाची साथ पसरवली. ऑक्टोबर २००७ च्या चौकशी अहवालाने सुमारे ९० मृत्यू नक्की किंवा बहुधा त्यानेच झाल्याचं म्हटलं. बेडपॅन मागणाऱ्या पेशंटना 'गादीतच करा' असं सांगितलं गेल्याचंही त्यात आहे. श्रीमंत देश, फुकट उपचार, आणि ही अवस्था. त्याच सुमारास कोपराखाली काही घालायचं नाही असा नियम आला. घड्याळ नाही, लांब बाही नाही. माझ्या दोन बांगड्या पहिल्याच दिवशी लॉकरमध्ये गेल्या त्या आजतागायत ड्युटीवर हातात आल्या नाहीत. (या नियमाने संसर्ग किती घटतो, याचा पुरावा तसा तोकडाच आहे. पण हात मनगटाच्या वरपर्यंत नीट धुता येतात, हे खरं.)

जुलाबाचा तो जंतू माजतो तो मुख्यतः अँटिबायोटिकने पोटातले बाकीचे जंतू मेल्यावर. म्हणून इथले सर्जन गोळ्यांची पुडी देताना शंभरदा विचार करतात. लागलंच तर बहुतेक ऑपरेशनांना अँटिबायोटिकचा एक डोस, चीर देण्याच्या आधी तासाभरात, बास. थिएटरमध्ये चेकलिस्ट मोठ्याने वाचतात, त्यात हा प्रश्न असतोच. ती चेकलिस्ट ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली ते अतुल गावंडे विदर्भातून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव. आठ शहरांत तिची चाचणी झाली, त्यात लंडन होतं तशी दिल्लीही होती. २००९ मध्ये आलेल्या निकालांत मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर उतरले होते. आमच्या घरी मात्र सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या म्हणून डॉक्टर चांगले ठरले. एकच डोस देऊन घरी पाठवलं असतं, तर दादाच म्हणाला असता, औषधसुद्धा दिलं नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तेव्हा दादाचं उत्तर लगेच आलं. "तुमच्याकडे हर्नियाला नंबर कधी लागतो? आमचा आठवड्यात झाला." यावर मी काय बोलणार? इंग्लंडात सत्तर लाखांहून जास्त उपचार प्रतीक्षा यादीत अडकलेले आहेत. माझ्या शेजाऱ्याने खुब्यासाठी दीड वर्ष काठी टेकत काढलं. दादाचा हा मुद्दा मी खोडणार नाही, खोडता येतच नाही.

'तिकडे पैसा आहे, म्हणून जमतं' हा दुसरा मुद्दा मात्र मला मान्य नाही. आमच्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने भारत, घाना, नायजेरिया अशा सात देशांत दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २०२१ च्या चाचणीत पोटाच्या ऑपरेशनांत, जिथे जखम मुळात स्वच्छ नसते तिथे, कातडी पुसायच्या महागड्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने किंवा जंतुनाशक लावलेल्या टाक्यांच्या दोऱ्याने आपल्या साध्या तपकिरी आयोडीनपेक्षा आणि साध्या दोऱ्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. २०२२ च्या चाचणीत तेरा हजारांवर पेशंट होते. पोट शिवायच्या आधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि नवी हत्यारं घ्यायची, एवढंच केलं. संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ वर आला. हातमोज्यांचे नवे जोड आणि निर्जंतुक करून ठेवलेला हत्यारांचा आणखी एक ट्रे, याला काचेची इमारत लागत नाही.

महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी खाजगी हॉस्पिटलांना दरपत्रक लावायला सांगितलं. चांगलंच झालं, आणि त्यावरून भांडायलाही हवं. पण त्याच फळ्यावर आणखी एक ओळ मला हवी आहे : गेल्या वर्षी इतकी ऑपरेशनं, तिसाव्या दिवशी इतक्यांना फोन, इतक्या जखमा चिघळल्या. आकडा मोठा निघाला तरी चालेल. शून्य लिहिणाऱ्याकडे मी बाबांना नेणार नाही. फोन करायला डॉक्टरही लागत नाही, रिसेप्शनवरची मुलगी पुरे.

बाबांना तिसाव्या दिवशी मीच फोन केला, फॉर्म समोर ठेवून, ओळीने प्रश्न विचारत. त्यांनी सगळी उत्तरं दिली, अगदी पावसाची आणि शेजारच्या कुत्र्याचीही. शेवटी विचारलं, "बाबा, हॉस्पिटलातून कुणी चौकशी केली का?"

"आला होता ना मेसेज," ते म्हणाले. "पाचपैकी किती तारे देता म्हणून. दादाने पाच दिले."