पंपावर पाना लावण्याआधी

नमस्कार. जुन्या ट्रकला डिझेल पोचत नसेल तर काय बघावं, या माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच झाडाझडती घेतलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उसाचा हंगाम संपल्यावर शेडमध्ये उभी केलेली तुमची टाटा १२१० दसऱ्यानंतर चालू होईना. लेख वाचून तुम्ही एअर, म्हणजे डिझेलच्या लाइनीत शिरलेली हवा, काढत बसलात. गाडी दोन-तीन सेकंद चालायची आणि बंद पडायची. शेवटी डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याने पंप (नोझलना, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडांना, दाबाने डिझेल देणारा) उतरवून नेला, तपासणीच्या बेंचवर लावला, 'मोठं काही नाही, सेटिंग केलंय' म्हणून परत बसवला आणि गाडी पहिल्या सेल्फला उठली. तेव्हा एअर-बिअर हा वेळकाढूपणा, सरळ पंप उतरवावा. शिवाय लाइन एअर घेत असती तर कुठेतरी डिझेल गळताना दिसलं असतं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. टाकीतून डिझेल खेचून मोठ्या पंपाकडे ढकलणारा छोटा पंप म्हणजे फीड पंप. टाकी ते फीड पंप ही ओढीची लाइन. फीड पंप डिझेल खेचतो तेव्हा त्या पाइपात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. तिथे होज चिरला असेल, बॅन्जोचा (पाइप जोडायच्या पोकळ बोल्टच्या जोडाचा) वायसर दबलेला असेल, तर त्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल टाकीत उतरतं. पाइप बाहेरून कोरडाच. गळती दिसते ती फीड पंपाच्या पुढे, फिल्टरवर किंवा नोझलच्या पाइपांवर. त्यामुळे 'कुठे थेंबसुद्धा नव्हता' हा एअर नसल्याचा पुरावा होत नाही.

आता तुमच्याच गाडीची लक्षणं बघा. चालू होते, दोन-तीन सेकंद चालते, मरते. म्हणजे फीड पंपावरच्या हातपंपाने फिल्टरपर्यंत आणि पंपाच्या गॅलरीत (आतल्या डिझेलच्या पोकळीत) जेवढं डिझेल भरलं तेवढं जळलं, आणि मागून हवा आली. प्लंजर (पंपातले डिझेल दाबणारे दट्टे) झिजलेली गाडी असं वागत नाही. ती गरम झाल्यावर चालू व्हायला कुरकुरते, चढाला दम सोडते.

मग पंप उतरवल्यावर बरी कशी झाली? पंप काढायचा म्हणजे सगळे पाइप सुटतात. फीड पंप त्याच्या कुशीलाच बसवलेला, तो आपोआप सोबत जातो. बसवताना तांब्याचे वायसर नवे पडतात, जोड नव्याने आवळले जातात, एअर नीट काढली जाते. यातल्या कशाने गाडी उठली हे बिलावरून कळत नाही, बिलावर फक्त 'पंप' लिहिलेलं असतं. बेंचवर मोठं काही निघालं नाही हे तुम्हीच लिहिलंय. मला विचाराल तर गाडी त्या नव्या वायसरांनी उठली असावी. पंपवाल्याने फसवलं असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे पंप आला, त्याने पंप तपासला.

म्हणूनच लेखात डबा लावून बघायला सांगितलं होतं. ते तुम्ही केलेलं दिसत नाही. स्वच्छ डिझेलचा डबा फीड पंपाच्या पातळीपेक्षा वर टांगायचा, टाकीकडून येणारा पाइप फीड पंपावरून सोडायचा आणि डब्यातला होज तिथे लावायचा. फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारायचा, नंतर तसंच पंपावरच्या स्क्रूवर. आता गाडी चालू झाली आणि चालूच राहिली, तर पंपाला हात लावायचं कारण उरलं नाही. दोष टाकीत किंवा टाकीपासूनच्या पाइपात आहे. तुमच्यासारखी गाडी अर्धी टाकी घेऊन अख्खा पावसाळा उभी राहिली असेल, तर आतल्या हवेचा ओलावा पत्र्यावर धरतो, पाणी तळाला बसतं, गंज आणि गाळ होतो. सेल्फ मारला की तोच गाळ ओढीच्या जाळीवर जाऊन बसतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर डिझेल खेचलं जाता जाता अडतं. झाकण सैल करून बघणं हे तर फुकटचं काम.

'एअर काढायला एवढा वेळ कशाला, सेल्फ मारत राहिलं की निघते' असंही कुणीतरी तुम्हाला सांगितलेलं दिसतंय. सेल्फवर इंजिन मिनिटाला दीडशेच्या आसपास फिरतं आणि पंप त्याच्या निम्म्याने. त्या गतीला फीड पंप जेमतेम डिझेल ढकलतो. शिवाय हवा दबते, डिझेल दबत नाही. तुमच्या इंजिनाची नोझल साधारण २०० बार दाबाला उघडते. प्लंजरच्या वर हवेचा फुगा असेल तर प्लंजर तो फुगाच दाबत बसतो, नोझल उघडतच नाही. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये स्टार्टर गार होऊ द्यावा. नाहीतर डिझेलच्या दुखण्यात बॅटरी आणि स्टार्टरही जातात.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये जातंय, फक्त पेटत नाही. मग बॅटरी, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवेची दाबणी), टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) बघायचं. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. आणि सगळ्यात आधी स्टॉपर. जुन्या गाडीत बंद करायची केबल गंजून अर्ध्यात अडकते, वरचा दांडा आत ढकललेला दिसतो, पण पंपावरचा लिव्हर बंदच्या बाजूलाच राहतो. बाकी सगळं ठणठणीत आणि थेंब नाही. लिव्हर हाताने हलवून बघायला कितीसा वेळ लागतो?

पंप खरोखर उतरवावा लागतो तो कधी, तर डिझेल गॅलरीपर्यंत स्वच्छ, बिनबुडबुड्याचं येतंय, स्टॉपर मोकळा आहे, तरीही सेल्फ मारताना नोझलकडचा नट सैल केल्यावर काही येत नाही. महिनोन् महिने उभ्या गाडीत पाणी शिरून रॅक (पंपातली डिझेलचं प्रमाण ठरवणारी पट्टी) किंवा प्लंजर धरले असतील तर असं होतं, आणि तिथे तुमचा पंपवालाच हवा. पण पंप निघाला की टायमिंग पुन्हा जुळवावं लागतं. म्हणून त्याचा नंबर शेवटी.

तुम्ही सुचवलेल्या दोन युक्त्या मात्र मला मान्य नाहीत. ट्रॅक्टरने ओढून चालू करणं: डिझेलच पोचत नसेल तर ओढून काय उपयोग? आणि हवेच्या टाकीत प्रेशर नसेल तर ओढलेल्या ट्रकला ब्रेक लागत नाही. दुसरी, एअर क्लीनरला पेट्रोलचा बोळा. पेट्रोल कधी पेट घेईल यावर कुणाचा ताबा नसतो. पिस्टनही जातो आणि हातही भाजतो.

तुमच्या मुलाने त्याच्या नव्या गाडीवर नोझलचा नट सैल करून बघू का म्हणून विचारलंय. नाही. त्या कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनात दाब हजार बारच्या वर जातो. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत शिरते, आणि बाहेरून फक्त टोचल्यासारखं दिसतं. तिथे सेल्फ मारताना नोझलचा नट सैल करायचा नाही. आणि जुन्या गाडीवरसुद्धा नट सैल करताना समोर बोट धरू नका. धार बघायला जुना पुठ्ठा चालतो.