वीस मिनिटं हात लावू नका

मुलानं बेंगळुरूहून कोळसा पेटवायची चिमणी पाठवली. फूटभर उंचीचं पत्र्याचं नळकांडं, बाजूला लाकडी मूठ, तळापासून चार बोटं वर जाळी आणि खाली भोवताली भोकं. जाळीखाली रद्दीचे बोळे, वर कोळसा, भोकातून काडी. कागद पेटला की गरम हवा वर पळते, तिच्या जागी खालून ताजी हवा आत ओढली जाते आणि कोळसे खालून वर एकमेकांना पेटवत जातात. फुंकर नको, पंखा नको, घासलेट तर नकोच. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांच्या कडांवर पांढरी राख धरली की सगळं शेगडीत उपडं करायचं. मधल्या वेळात माणसानं फक्त गप्प बसायचं. घोडं पेंड खातं ते इथेच. पेटत्या विस्तवाजवळ गप्प बसलेला मराठी माणूस निदान आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरात तरी मी पाहिलेला नाही.

थंडीचे दिवस, गच्चीवर भरीत आणि बाट्यांचा बेत ठरला. टालीवर कोळसा घ्यायला गेलो, तर मालक म्हणाला, ‘‘प्रेस के लिए चाहिए या तंदूर के लिए?’’ मी म्हटलं, ‘‘तंदूर.’’ त्यानं त्याच ढिगातून पोतं भरलं आणि किलोमागे भाव वाढवला. निदान दगडी कोळसा नव्हता, यावर समाधान मानून परत आलो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर आईचा माझ्याइतकाच जीव असल्यामुळे आधी विटा मांडल्या. तापलेला पत्रा थेट गच्चीवर टेकवायची सोय आमच्या घरात नाही.

त्या दिवशी नेमके बायकोचे मामा ग्वाल्हेरहून आलेले. ऑक्टोबर १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेनं इंदूर लुटलं होतं. तेव्हापासून ग्वाल्हेरकराला इथे येऊन काहीतरी उसकटल्याशिवाय चैन पडत नाही, असं माझं खाजगी मत आहे. त्यात हे मामेसासरे. त्यांना ‘हात लावू नका’ म्हणण्याची हिंमत माझ्यात कुठून येणार?

सुरुवात रद्दीपासूनच झाली. आईनं गणपतीचं चित्र असलेलं पान बाजूला काढलं. बायकोचं अर्धवट सोडवलेलं सुडोकू वाचवण्यात आलं. मी एकेक कागद चुरगाळून सैलसर बोळा करत होतो, कारण घट्ट बोळा नुसता धुमसतो. मामांनी त्यातलाच एक उचलला, मांडीवर ठेवून तळहातानं इस्त्री केल्यासारखा सपाट केला आणि चष्मा चढवला. त्यात ग्वाल्हेरच्या मेळ्याची बातमी होती. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला मेळा आणि त्याची बातमी इंदुरात जाळायची? पान घडी होऊन त्यांच्या खिशात गेलं. त्याची भरपाई म्हणून त्यांनी उरलेली अख्खी पुरवणी जाळीखाली कोंबली. मी ती हळूच निम्मी बाहेर ओढली.

काडी लावली. पहिली पाच मिनिटं या यंत्रातून नुसता दाट पांढरा धूर येतो, आणि २०१७पासून स्वच्छतेत पहिल्या नंबराची सवय लागलेल्या शहरात धूर लपत नाही. समोरच्या गच्चीवरून आवाज आलाच, ‘‘भिया, कचरा जला रहे हो क्या?’’

‘‘विझलं,’’ मामा म्हणाले.

‘‘पेटतंय मामा.’’

‘‘जावईबापू, वरचा कोळसा काळा कुळकुळीत आहे. विझलंय.’’

वरचा कोळसा शेवटी पेटतो, हे मी सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि चिमटा आत घातला. मी चिमटा काढून घेतला, तर ते सूप घेऊन आले. सूप आईनं काढून घेतलं, तेव्हा खाली जाऊन टेबलफॅन उचलून आणला, पण गच्चीवर प्लग नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी वायरमनला एक शिवी हासडली. शेवटी त्यांची नजर घासलेटाच्या बाटलीवर गेली. त्या घासलेटाचा वास बाटीला लागला की तो तुपात बुडवूनही जात नाही, हे कोणत्याही इंदूरकराला पाठ असतं. बायकोनं बाटली पदराआड केली.

आई तेवढ्यात गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि खालच्या भोकातून आत पाहू लागली. तिच्या चेहऱ्यावर लालसर उजेड पडला.

‘‘खाली फुललेत निखारे. अहो, हा तर बंब आहे, पाण्याशिवायचा.’’

मी बघतच राहिलो. खरंच की! मध्ये नळी, खाली जाळी, राखेची जागा मोकळी, वरून ढलप्या टाकायच्या, की हवा आपोआप ओढली जाते. तिच्या माहेरी तांब्याचा बंब होता आणि पहाटे तो पेटवायचं काम तिच्याकडे होतं.

‘‘बंबाला कधी कोणी वारा घातलाय का?’’ तिनं मामांना विचारलं. ‘‘खालचं तोंड मोकळं सोडायचं आणि आपण अंगणात सडा घालायचा.’’

विहीणबाईंपुढे ग्वाल्हेरचं काही चाललं नाही. मामा खुर्चीत बसले. बसल्या बसल्या दर मिनिटाला घड्याळ पाहत होते, पण बसले. धूर विरला, वर हवा थरथरू लागली, मग एक निळसर ज्योत कोळशांतून डोकावली आणि कडा पांढऱ्या झाल्या. हातमोजा घालून मी चिमणी शेगडीवर उपडी केली. काचेच्या बांगड्या वाजाव्यात तसा खणखण आवाज करत निखारे पसरले. रिकामी चिमणी तापलेलीच असते, म्हणून ती पोरांच्या वाटेतून दूर, विटांवर ठेवली.

वांगी छान भाजली गेली. बाट्यांना मामांनी ‘कंड्यावरच्यांची, म्हणजे गोवऱ्यांवरच्यांची, सर नाही’ असा शेरा मारला आणि पानात आणखी दोन वाढून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

‘‘ती चिमणी मुलानं कुठून मागवली, विचारून ठेवा. आम्हालाही एक हवी. फक्त थोडी मोठी बघा, आणि भोवती पाणी भरता येईल अशी. थंडीत आंघोळीला बरी पडेल.’’